पांढरी चार

शहरात कुणाचा पियानो बिघडला की भुंगीच्या बाबांना बोलावणं येई. शाळेचा असो, नाचाच्या वर्गाचा असो, नाहीतर एखाद्या बड्या घरात नुसते फोटो मांडायला घेतलेला असो, बाबा आपली चामडी पिशवी घेऊन जात, दोन तास खुंट्या पिळत बसत आणि उठताना वाद्य असं करून ठेवत की मालकाला वाटावं, आपल्यालाच एकाएकी वाजवता यायला लागलं की काय. आणि या गृहस्थांच्या स्वतःच्या घरच्या पियानोची एक पट्टी सतरा वर्षं मेलेली होती. दिव्याखाली अंधार असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण इथे तो चक्क बैठकीच्या खोलीत, खिडकीखाली मांडून ठेवलेला होता.

मेलेली पट्टी म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी चार. पियानोच्या मध्यावर बसावं, सप्तकाच्या सुरुवातीपासून पांढऱ्या पट्ट्या मोजाव्यात, एक, दोन, तीन, आणि मग ही. दाबली की बिचारी खाली जाई, सोडली की वर येई, सगळं रीतसर. फक्त आवाज म्हणून लाकडाचं एक 'ठक्' ऐकू येई. आतली हातोडी, म्हणजे तारेवर आपटणारा, लोकरीचा नमदा लावलेला चिमुकला ठोकळा, दांड्यापाशी मोडली होती. पाच वर्षांच्या भुंगीने पट्ट्यांवर उभं राहून खिडकीबाहेर डोकावून पाहिलं होतं, त्याचा हा प्रसाद. "उद्या बसवून टाकतो," असं बाबा तेव्हा म्हणाले होते.

बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, घर चालवत असे, आणि कुणी दिलं असतं तर जगही चालवलं असतं. ती वर्षातून दोनदा आठवण करी. "अरे, त्या पट्टीचं काय?" "उद्या," बाबा म्हणत. तो उद्या काही उजाडला नाही, आणि हळूहळू घराला त्या 'ठक्'ची सवय झाली.

भुंगी हे अर्थातच खरं नाव नव्हे. पाळण्यात असल्यापासून हिच्या नाकातून सतत काहीतरी गुणगुण चाले, म्हणून भुंगी. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथेच सुखाने राहत होतं. आता ती बावीस वर्षांची झाली होती. दिवसा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची आणि संध्याकाळी जेवणाआधीचे दोन तास पियानोवर बसून स्वतःच्या चाली करायची. दुसऱ्यांच्या चाली वाजवायचा तिला कंटाळा. "त्या झाल्यात की करून," असं म्हणायची. आत्मविश्वास म्हणाल तर पोतंभर होता, आणि खरं सांगायचं तर त्यातला निम्मा तरी रास्त होता.

तिच्या चालींना एक खोड होती आणि नेमकी तीच लोकांना आवडे. चाल शहाण्या मुलीसारखी पायरी पायरीने वर येई, आणि मधेच एक पायरी गाळून टुणकन पुढे. ऐकणाऱ्याच्या पोटात क्षणभर गोळा येई आणि लगेच बरं वाटे. दुकानात ती गुणगुणली की चष्म्याची वाट बघत बसलेली म्हातारी गिऱ्हाईकंसुद्धा पाय हलवायला लागत.

अशीच एकदा शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई चष्म्याला नवीन काच बसवायला आल्या. या बाई म्हणजे शहराच्या वाद्यवृंदाच्या प्रमुख. बावीस वादक, सगळे पोटासाठी दुसरं काहीतरी करणारे. सराव बंबखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात, आणि बाईंच्या हातात छडीऐवजी पेन्सिल. त्यांनी भुंगीची गुणगुण ऐकली, चष्मा नसलेल्या डोळ्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि विचारलं, "हे कुणाचं?"

"माझं," भुंगी म्हणाली.

"लिहिता येतं?"

"येतं."

"मग लिही. आठ मिनिटांचं. दिवाणखान्याची जमीन नवी केलीय, महिन्याने तिथे पहिला कार्यक्रम आहे. दरवेळी आम्ही तीच ती कवायतीची धून वाजवतो. लोकांना पाठ झालीय, आणि आम्हाला तर झोपेतही येते. यंदा काहीतरी नवं हवं."

भुंगीचे पाय त्या दिवशी जमिनीला लागले नाहीत. दोन आठवड्यांत तिने पहिली चार मिनिटं लिहून काढली, बावीस जणांचे कागद स्वतःच्या हाताने उतरवले, आणि पहिल्या सरावाला सगळं वाजलं तेव्हा तिला वाटलं, आपला जन्म याचसाठी झालाय. यात तिचं काही चुकलं नाही. आपल्या डोक्यातली गुणगुण बावीस माणसांच्या हातातोंडातून बाहेर पडते तेव्हा कुणालाही तसंच वाटेल.

चूक झाली ती पुढे. बाई म्हणाल्या, "आमची ओळख करून दे की त्या उडीशी. कुठून आली?" आणि भुंगीला बोलायचा चेव आला. लहानपणी मी खिडकीत बसायचे, समोर दोन छपरं होती, रोज संध्याकाळी एक करडी मांजर या छपरावरून त्या छपरावर उडी मारायची, मधे तीन मजल्यांची दरी, आणि ती मांजर एकदाही खाली बघायची नाही. ती निर्भयता माझ्या संगीतात आहे, वगैरे वगैरे. समोर छपरं होती हे खरं. मांजर कदाचित एकदा दिसली असेल. बाकीचं त्या क्षणी सुचलं, आणि सुचल्यावर तिला स्वतःलाच इतकं पटलं की डोळ्यांत पाणी आलं. मोठा ढोल वाजवणारा बंबवाला म्हणाला, "व्वा! मला वाटलं होतं नुसतीच चाल आहे. आत मांजरही आहे."

दुसरा सराव कार्यक्रमाच्या बारा दिवस आधी होता. अर्धं वाजवून होतंय तोच खाली भोंगा झाला. बंबवाल्याने ढोलाच्या काठ्या टाकल्या आणि खांबावरून घसरत दिसेनासा झाला. असं झालं की बाकीच्यांनी थांबायचं, हा तिथला शिरस्ता. कुणी पाणी प्यायला उठलं, दातांच्या डॉक्टरीणबाई आपलं व्हायोलिन पुसत बसल्या. पोस्टमनकाका आपल्या वाद्याशी बसून पुढचीमागची पानं चाळू लागले.

पोस्टमनकाका हॉर्न वाजवत, म्हणजे गोगलगाईसारखं गुंडाळलेलं ते पितळी वाद्य. चाळीस वर्षं जिने चढून त्यांचा दम आता कमी झाला होता. बरेच स्वर फाटत. पण एक स्वर असा लागे की दिवाणखान्यातली माणसं बोलायची थांबत, आणि तो स्वर म्हणजे पांढरी चार. हॉर्न हे वाद्यच मुळी त्या स्वरावर बांधलेलं असतं. जिथे तिथे बाई काकांसाठी तो स्वर राखून ठेवत.

"पोरी," काकांनी हाक मारली, "रागावू नकोस हं. सगळी पानं बघितली. माझा स्वर मला एकदाही दिला नाहीस."

"असेल की, काका."

"नाही गं. हॉर्नवाल्याला घरी बोलवायचं आणि पाणीही विचारायचं नाही, असं झालं हे."

बाईंनी स्वतःच्या टेबलावरची सगळी पानं उलटली. गणिताच्याच त्या. पेन्सिलीचं टोक एकेका ओळीवरून फिरत गेलं, व्हायोलिन, बासरी, क्लॅरिनेट, खाली, परत वर. मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"गंमत आहे. काकांनाच नव्हे, हा स्वर तू कुणालाच दिलेला नाहीस. वरच्या सप्तकात आहे, खालच्या सप्तकात आहे. मधला मात्र अख्ख्या चार मिनिटांत एकदाही नाही. मुद्दाम केलंस?"

भुंगीने तोंड उघडलं. आणखी एक मांजर तयार होती. पण त्याच वेळी तिच्या कानात अगदी स्पष्ट आवाज आला, घरचा, ओळखीचा. ठक्.

तीनवरून पाचवर जाणारी ती उडी, तिची सही, तिच्या आतली निर्भयता. मधे चार नव्हती म्हणून बोटं पुढे जात होती, बस्स. पाच वर्षांच्या मुलीला बिचारीला दुसरा इलाजच नव्हता, आणि बावीस वर्षांची बाई तिलाच प्रतिभा म्हणत होती.

"मुद्दाम नाही," ती म्हणाली.

"हरकत नाही," बाई म्हणाल्या. "पण उरलेली चार मिनिटं मला शुक्रवारपर्यंत हवीत. वादकांना हातात यायला तेवढे दिवस तरी पाहिजेत. शुक्रवारी नाही आलं तर कवायतीची धून वाजवीन, मग माझ्यावर रुसू नकोस."

तो दिवस होता मंगळवार.

घरी आल्यावर भुंगीने चपला काढल्या न काढल्या आणि पांढरी चार दाबली. ठक्. पुन्हा दाबली. ठक्. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाबा, खरं सांगा. ही पट्टी तुम्ही मुद्दाम तशी ठेवलीत ना? मी लहानपणी हिला टाळून काहीतरी वाजवायचे, ते तुम्हाला आवडलं, आणि म्हणून तुम्ही..."

बाबांनी विचार केला. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. त्यांचा धंदाच तसा, तार जुळलेली असते किंवा नसते.

"नाही," ते म्हणाले. "राहून गेलं. आधी विसरलो, मग सवय झाली."

"माझं संगीत म्हणजे तुमचं राहून गेलेलं काम आहे!" भुंगी ओरडली. तिला रडू आलं. "लोकांना मांजरी सांगत फिरले मी!"

आत्या आतून म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं!" आणि मग तिच्या लक्षात आलं की इथे अंगण खरंच वाकडं होतं आणि पोरीने नाच त्यावरच बसवला होता. ती गप्प झाली. आत्या गप्प होणं हे त्या घरात भूकंपाच्या बरोबरीचं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी नाचाच्या वर्गाचं काम पुढे ढकललं, जे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं, आणि भुंगी दुकानातून परतली तेव्हा पियानोचं पोट उघडं होतं. आत पाऊणशेच्या वर करड्या, झिजलेल्या हातोड्यांच्या रांगेत एक पांढरीशुभ्र हातोडी बसली होती, नव्या दातासारखी.

"वाजव," बाबा म्हणाले.

भुंगीने दाबली. वाजली. सतरा वर्षांनी ती पट्टी बोलली आणि दोघांचीही तोंडं वाकडी झाली. कारण स्वर बरोबर होता. बाबांनी तो काट्यावर, म्हणजे वाजवला की नेमका स्वर देणाऱ्या त्या दुबेळक्या पोलादी काट्यावर, चोख जुळवला होता. पण घरचा पियानो वर्षानुवर्षं कुणी न जुळवल्यामुळे सगळाच्या सगळा थोडा थोडा उतरलेला होता, सगळे स्वर मिळून, एकमेकांना धरून. त्यांच्यात ही नवी पट्टी परगावची पाहुणी वाटत होती.

"काट्याला विचारशील तर हीच बरोबर आहे," बाबा म्हणाले. "चुकलंय ते घर." त्यांनी किल्ली घेतली, खुंटीवर चढवली आणि ती तार केसभर उतरवली. मग शेजारच्या पट्टीबरोबर वाजवून बघितली, मान हलवली. "हं. आता घरची झाली."

त्यांनी हत्यारं गोळा केली. जाताना भुंगीच्या डोक्यावर हात ठेवला, जो त्यांनी ती बारा वर्षांची झाल्यापासून ठेवला नव्हता. "माझ्या आळसापायी तुझं नुकसान झालं असेल तर..." वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही. भुंगीनेही ते पुरं करायला लावलं नाही.

बापाने एवढं केलं, आता मुलीच्या हातून संगीत धो धो वाहायला हवं होतं. घोडं इथेच पेंड खाऊ लागलं. बुधवारची सगळी संध्याकाळ तिने पियानोपुढे काढली आणि एक ओळ झाली नाही. बोटं तीनवर यायची आणि चारपाशी घुटमळायची. आता चार होती. वाजवावी तर ती चाल कुणाचीही वाटे, न वाजवावी तर आपण जुन्या खड्ड्यावरून उगाच उड्या मारतोय असं वाटे. खड्डा तर बुजलेला. तिला पहिल्यांदाच प्रश्न पडला, की यात माझं असं काय होतं? पट्टी मोडली होती सुताराच्या लाकडाची, आणि नाव झालं माझं.

गुरुवारी तिने दुकानातून सुट्टी घेतली. सकाळी नऊलाच पियानोवर बसली आणि ठरवलं, एकदा सगळं नीट करून टाकू. पेन्सिल घेऊन तिने पहिल्या चार मिनिटांत जिथे जिथे उडी होती तिथे तिथे गाळलेली पायरी भरली. मग अख्खं वाजवलं. चाल एक, दोन, तीन, चार, पाच अशी सरळ वर गेली. जिना चढल्यासारखी. वर पोचली आणि कशासाठी आलो होतो ते तिला आठवेना.

मागे आत्या चादरींना इस्त्री करत होती. भुंगी वाजवायची तेव्हा आत्या नेहमी तिथेच काहीतरी काम काढी आणि आपण ऐकत नसल्याचं दाखवी.

भुंगीने भरलेल्या पायऱ्या पुसल्या आणि चाल जुन्या पद्धतीने वाजवली. एक, दोन, तीन, उडी.

"हं," आत्या म्हणाली.

"काय?"

"कुठे काय?"

भुंगीने पुन्हा वाजवलं. उडी आली. इस्त्री थांबली नाही, आत्याने मान वर केली नाही, पण तिच्या नाकातून बरोबर त्या जागी, बरोबर त्या स्वरात, 'हं' बाहेर पडलं. भुंगीने भरलेली चाल वाजवली. आत्या गप्प. गाळलेली वाजवली. "हं."

"आत्या, तू त्या जागी 'हं' म्हणतेस."

"छे! मी कशाला म्हणू?"

"आत्ता म्हणालीस. पांढरी चार म्हणालीस, अगदी सुरात."

आत्याने इस्त्री उभी केली आणि कमरेवर हात ठेवले. "बरं, म्हणत असेन. सतरा वर्षं तू तिथे आलीस की भोक पाडून पुढे जातेस. कुणीतरी नको का भरायला? मनातल्या मनात म्हणून टाकते आपली. त्याशिवाय चैन नाही पडत बाई. आणि आत्ता मघाशी तू ते सगळं भरून वाजवलंस ना, तेव्हा मला काही कामच उरलं नाही. चादरीकडे लक्ष गेलं माझं."

भुंगी स्टुलावर गर्रकन वळली आणि आत्याकडे बघत राहिली. कुणी फडताळ उघडावं आणि हरवलेली वस्तू पुढ्यातच सापडावी, तसा तिचा चेहरा झाला. गिऱ्हाईकांचे पाय का हलतात ते तिला कळलं. पोटात गोळा का येतो तेही कळलं. ती उडी म्हणजे खड्डा नव्हता. ती ऐकणाऱ्यासाठी सोडलेली जागा होती. पट्टी मोडली अपघाताने, सोडायला शिकवलं गरजेने, हे सगळं कबूल. पण मोडकी पट्टी शहरात आणखी दहा घरांत असेल. त्या घरांतून काही उठलं नव्हतं. कुठे सोडायचं, किती वेळ ताणायचं, ऐकणाऱ्याला कुठपर्यंत आणून मग हात सोडायचा, हे सतरा वर्षं ती स्वतः बसून, चुकून, परत वाजवून शिकली होती. तेवढं तिचं होतं, नक्की तिचं, आणि त्यात कुठल्याही मांजरीचा वाटा नव्हता.

"आत्या, तुझं हे 'हं' मी घेते."

"घे की. पण इस्त्री सोडून मला कुठे उभं करू नकोस."

त्या दिवशी ती जेवायला उठली नाही. आत्याने ताट पियानोवर आणून ठेवलं. आता चार वाजत होती, आणि म्हणूनच ती न वाजवण्यात मजा होती. उरलेल्या चार मिनिटांत भुंगीने चाल त्या स्वरापाशी पुन्हा पुन्हा आणली, बासरीतून आणली, व्हायोलिनांतून आणली, ढोलाच्या ठोक्यावर आणली, आणि दरवेळी वरून उडवून नेली. ऐकणारा आतल्या आत 'हं' म्हणून म्हणून थकला पाहिजे. आणि अगदी शेवटी, सगळी वाद्यं थांबल्यावर, एकट्या हॉर्नच्या कागदावर तिने एकच टिंब काढलं. त्यावर लिहिलं, "काकांना दम पुरेल तोपर्यंत."

शुक्रवारी सकाळी बाईंनी पानं वाचली आणि पेन्सिल शेवटच्या टिंबावर टेकवली. मग म्हणाल्या, "बरोबर उत्तर आहे." गणिताच्या बाईंकडून याहून मोठं बक्षीस मिळत नाही.

"बाई, आणि ते मांजरीचं जे मी सांगितलं होतं..."

"मांजर नव्हती, हे मला तेव्हाच कळलं होतं," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं वर्गात उभी आहे मी."

पुढच्या आठवड्याच्या रविवारी सकाळी अकराला कार्यक्रम. नव्या जमिनीला अजून रंधलेल्या लाकडाचा वास होता. खुर्च्या भरल्या, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. आत्या पहिल्या रांगेत ताठ बसली, जणू परीक्षा तीच घेणार होती. बाबा मात्र शेवटच्या रांगेत, दाराजवळ. कार्यक्रमाला गेले की ते नेहमी मागेच बसत. त्यांना कधी गाणं ऐकू येतच नसे. त्यांच्या कानाला दोन दोन स्वरांच्या जोड्या ऐकू येत, ही जुळली, ही जरा सैल. घरीदारी त्यांनी आयुष्यात कधी एखादी चाल गुणगुणल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

भुंगी भिंतीशी उभी होती आणि खरं सांगायचं तर तिला भीती वाटत नव्हती. भोंगा होऊ नये एवढीच इच्छा होती, आणि तो झाला नाही. चाल सुरू झाली. पहिल्या उडीला खुर्च्यांमधून एक बारीकशी हालचाल गेली. तिसऱ्या उडीला तिने आत्याकडे पाहिलं. आत्याचे ओठ मिटलेले होते आणि नाकपुडी हलत होती. सातव्या मिनिटापर्यंत सगळा दिवाणखाना पुढे वाकून बसला होता, कशासाठी ते कुणालाच सांगता आलं नसतं. मग बाईंची पेन्सिल खाली आली, सगळी वाद्यं थांबली, आणि पोस्टमनकाकांनी वाद्य तोंडाला लावलं.

पांढरी चार लागली. चाळीस वर्षं जिने चढलेल्या त्या माणसाने कुठून दम आणला कोण जाणे, पण तो स्वर उभा राहिला, आणि उभाच राहिला, भरीव, न हलता. पहिल्या रांगेतून आत्याचं 'हं' सगळ्यांना ऐकू येईल इतक्या मोठ्याने आलं आणि कुणालाही त्यात काही गैर वाटलं नाही. भुंगीने मागे बघितलं. बाबांचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि एक बोट गुडघ्यात रुतलेलं होतं, पट्टी दाबून धरल्यासारखं. स्वर संपेपर्यंत त्यांनी ते उचललं नाही.

टाळ्या खूप झाल्या. काकांना लोकांनी दोनदा उभं केलं. बंबवाल्याने भुंगीला विचारलं, "मांजर पोचली म्हणायची?" ती हसत म्हणाली, "मांजर नव्हतीच. आमच्या घरचा पियानो मोडका होता." हे तिने अगदी सहज, मान वर करून सांगितलं, आणि सांगताना तिला मांजरीच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट कितीतरी चांगली वाटली.

घरी जाताना आत्या पुढे चालत होती, भेटेल त्या ओळखीच्या माणसाला "आमची भुंगी, हो, तिचंच" असं ऐकवत. बाबा आणि भुंगी मागे.

"कसं वाटलं?" शेवटी तिनेच विचारलं.

"दुसरं व्हायोलिन डावीकडचं, त्याची एक तार सैल होती," बाबा म्हणाले. "आणि काकांची चार चोख होती. आपल्या घरची उतरलेली आहे. सगळाच पियानो वर घेतला पाहिजे. उद्या बसतो."

"उद्या," भुंगी म्हणाली.

"उद्या नक्की."

ती हसली आणि त्यांच्या हातातली छत्री आपल्याकडे घेतली. वळणावर दोन माणसांना वाट द्यायला ती जरा मागे राहिली, आणि म्हणून तिला ते ऐकू आलं. बाबा पुढे चालत होते, हात पाठीमागे बांधलेले, आणि गुणगुणत होते. बेसूर नव्हतं, पण नवशिक्याचं होतं, चाचपडत, एक, दोन, तीन. भुंगीने पावलं हळू केली. त्यांच्या गळ्यात कुठलीच हातोडी मोडलेली नव्हती, तिथे चौथा स्वर हवा तेव्हा मिळाला असता, आणि चारवर पाय द्यायला त्यांना कुणी अडवलेलंही नव्हतं.

बाबांनी चार सोडली आणि टुणकन पाचवर गेले.

पुढून आत्या मागे न बघताच म्हणाली, "हं."